मावळतीच्या नोंदी: एक लेन्स, तीस दिवस

तयारी, आदला दिवस

नियम आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे सोयीप्रमाणे वाकवता येणार नाहीत. सूर्यास्तासाठी मुद्दाम कुठे जायचं नाही. कामावरून परतताना, गच्चीवर कपडे काढताना, बसच्या रांगेत, जिथे असेन तिथे आकाश पेटलेलं दिसलं की थांबायचं आणि टिपायचं. ट्रायपॉड नाही, झूम लेन्स नाही. हाताशी दोनच गोष्टी: क्रॉप सेन्सरची (उजेड टिपणारा भाग जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असलेली) जुनी डीएसएलआर, तिच्यावर ३५ मिमीची एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), आणि खिशातला फोन.

दर वेळी एक आकडा लिहायचा आहे: आकाश नजरेस पडल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत गेलेला वेळ. आजवर हुकलेले सूर्यास्त आठवून पाहिले, तर त्यातला एकही लेन्स कमी पडली म्हणून हुकलेला नाही.

दिवस १, सोमवार. वेळ: ४ मिनिटं १० सेकंद

मुहूर्तालाच फजिती. ढगांच्या कडेला सोनेरी किनार दिसली तेव्हा कॅमेरा पाठीवरच्या बॅगेच्या तळाशी होता. वर छत्री, चार्जर आणि एक स्वेटर. सगळं रस्त्याच्या कडेला उपसलं. लेन्सचं झाकण काढलं, कॅमेरा सुरू केला, धडाधड ११ फोटो काढले. स्क्रीनवर पाहिलं तर आकाश पांढरंफटक. महिनाभरापूर्वी घरात, संध्याकाळच्या उजेडात काढलेल्या फोटोंची सेटिंग तशीच होती: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, एफ/१.८. शटर १/४००० सेकंदाला, म्हणजे त्याच्या सर्वांत जलद वेगाला जाऊन थकलं आणि तरी उजेड जास्तच. आकडे बदलेपर्यंत ढगांतली फट मिटली.

रात्री बसून दोन सवयी ठरवल्या. कॅमेरा बॅगेत सगळ्यात वर, मऊ फडक्यात, हूड लावून, झाकण न लावता. आणि बॅगेत ठेवण्याआधी त्याला सूर्यास्ताच्या सेटिंगवरच ठेवायचं: अॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं तोंड मी ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने), एफ/८, आयएसओ १००, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ (फोटो मुद्दाम थोडा काळसर), फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली). दिवसा दुसरं काही टिपलं तरी शेवटी परत इथेच आणायचं.

दिवस ३, बुधवार. वेळ: ३५ सेकंद (फोन)

फोन असल्यामुळे वेळ कमी लागला, पण फोटो पाहून हसू आलं. समोर आकाश तांबडं-केशरी आणि स्क्रीनवर फिकट पिवळट. दोन कारणं. एक, फोनने जमीनही दिसली पाहिजे असं ठरवून सगळं उजळ केलं. दोन, ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग आपोआप सुधारणाऱ्या सोयीला) केशरी रंग म्हणजे चूक वाटते. तो रंग तो इमानेइतबारे पुसून टाकतो.

पहिल्याचा इलाज तिथल्या तिथे सापडला. सूर्यावर नाही, त्याच्या शेजारच्या उजळ आकाशावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर आणि फोकस लॉक झाले की बोट खाली ओढून उजेड कमी करायचा. जमीन काळी पडते. पडू दे. दुसऱ्यासाठी फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर ठेवला, डीएसएलआरवर 'डेलाइट'. 'शेड'वर (रंग आणखी उबदार करणाऱ्या, सावलीसाठीच्या सेटिंगवर) ठेवून पाहिलं तर नुसत्या ढगाळ संध्याकाळीही वणवा लागल्यासारखं दिसायला लागलं. तो मोह नको.

शिवाय फोटोभर एक तिरकी धुरकट पट्टी होती. मला वाटलं किरणं आहेत. किरणं कसली, भिंगावर माझ्याच बोटाचा तेलकट ठसा. समोरून उजेड येतो तेव्हा एरवी न दिसणारा डागही असा पसरतो. तेव्हापासून फोन खिशातून निघाला की आधी भिंग पुसायचं. त्याला तीन सेकंद लागतात, ते आकड्यात धरले आहेत.

दिवस ४, गुरुवार. वेळ: ५० सेकंद

आजची चूक सगळ्यांत महाग पडली. गच्चीवर होते. पश्चिमेला स्वच्छ, वर उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग. सूर्य बुडाला, बरे म्हणावेत असे ८ फोटो निघाले, मी खाली येऊन कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. साधारण १२ मिनिटांनी खिडकीच्या काचेवर गुलाबी उजेड आला. धावत वर गेले तोवर डोक्यावरचं सगळं आकाश लाल होऊन विझत आलं होतं. तीन फोटो मिळाले, तेही हललेले.

असे तंतुमय ढग ६ किलोमीटरच्या वर असतात. आपल्याला सूर्य दिसेनासा झाला तरी त्यांना तो दिसत असतो आणि आता उजेड त्यांच्या पोटावर खालून पडतो. म्हणजे उंच ढग असतील तर सूर्य बुडणं ही सुरुवात. पण पश्चिमेला क्षितिजापाशी दाट ढगांची भिंत असेल तर खालून येणारी ही वाटच बंद होते, मग कितीही थांबा.

नवा नियम: उंच ढग दिसले तर सूर्य बुडाल्यावर किमान २० मिनिटं हलायचं नाही. घड्या पळून जात नाहीत.

दिवस ६, शनिवार. फोटो नाही

उन्हं कलली होती, सूर्य कासराभर वर होता. 'हात लांब करून बोटं आडवी धरा, एका बोटाला १५ मिनिटं' हा हिशेब मी अनेकदा वाचलेला. क्षितिज आणि सूर्य यांच्यात चार बोटं मावली, म्हणजे तासभर आहे असं समजून कामं उरकायला गेले. ४० मिनिटांनी परत आले तर सूर्य गायब.

घरी येऊन गणित मांडलं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. हात पूर्ण लांब केला की माझं एक बोट साधारण २ अंश झाकतं. सूर्य सरळ खाली उतरत असेल तर २ अंशांना ८ मिनिटं, १५ नव्हेत. विषुववृत्तापासून दूर गेलं की सूर्य तिरका उतरतो, तिथे वेळ जास्त मिळतो. म्हणजे हा हिशेब जिथल्या तिथे स्वतः मोजूनच वापरावा. माझं बोट ८-९ मिनिटांचं आहे. त्यातही मी 'क्षितिज' म्हणून समोरच्या इमारतींचा माथा धरायला हवा होता, मी त्यांच्यामागची अंदाजे रेघ धरली. तिथे आणखी एक बोट गेलं.

दिवस ९, मंगळवार. वेळ: ४० सेकंद

२० मिनिटं थांबण्याचा नियम पाळला आणि दुसऱ्याच खड्ड्यात पडले. सूर्य बुडाल्यानंतरचे ३४ फोटो, त्यातले २६ हललेले. आयएसओ १०० वर अडकवलेला, एफ/८, उजेड उतरत चाललेला. शटर १/६०, १/३०, १/८ असं खाली घसरत गेलं आणि माझं लक्ष ढगांकडे.

उजेड किती झपाट्याने जातो याची मला कल्पना नव्हती. स्वच्छ आकाशात सूर्य बुडताना जमिनीवर साधारण ४०० लक्स (उजेडाचं एकक) उजेड असतो; तो क्षितिजाखाली ६ अंश गेला की तीन-साडेतीन लक्स उरतो. म्हणजे जवळजवळ सात स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). विषुववृत्ताजवळ हे सगळं वीस-बावीस मिनिटांत आटोपतं, म्हणजे दर तीन मिनिटांना उजेड निम्मा. हाताने सेटिंग बदलत बसलं तर आकाश बघायचं कधी?

दुरुस्ती: ऑटो आयएसओ चालू, कमाल १६००, किमान शटर १/८०. माझी ३५ मिमी लेन्स क्रॉप सेन्सरवर सुमारे ५२ मिमीसारखी वागते, त्यामुळे, जितके मिमी तितकं शटर या ठोकताळ्याने, १/५० वर हात स्थिर राहायला हवा, पण मी जिने चढून धापा टाकत आलेली असते. १/८० बरं. सूर्य बुडाला की एफ/८ वरून एफ/४ वर यायचं. दूरच्या दृश्यात एफ/४ ने काही बिघडत नाही.

फोकसनेही छळलं. मोकळ्या आकाशावर धरला की लेन्स पुढेमागे घरघरत राहते. ढगाची कड किंवा जमीन-आकाश मिळतात ती रेघ दिली की पटकन धरते.

दिवस १२, शुक्रवार. वेळ: ३० सेकंद

आज हवेत धूळ होती. सूर्य तांबड्या थाळीसारखा, डोळे न दिपवता दिसणारा, केवढा मोठा! फोटोत मात्र तिकिटावरच्या शिक्क्याएवढाही नाही. मोजला: ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत सूर्य ८३ पिक्सेलांचा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात १२ मेगापिक्सेलच्या फोटोत तर तिसाच्या आत. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो, मोठा दिसतो तो आपल्या डोक्यात. फोनचं डिजिटल झूम लावून पाहिलं. तांबडी पोळी निघाली, कडा खरवडलेल्या.

लांब लेन्स नसेल तर सूर्याला नायक करण्यात अर्थ नाही, हे १२ दिवसांनी मान्य केलं. त्याने काय उजळलं ते टिपायचं: तारेवरचे थेंब, पत्र्याची कड, रस्त्यावरून गेलेल्या सायकलच्या चाकाचे आरे. आजचा एकमेव ठेवण्याजोगा फोटो विजेच्या तारांचा आहे, सूर्य त्यात दोन तारांच्या मधे टिकलीएवढा.

डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या काचेतून, सूर्याकडे पाहू नका. लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे दृश्य मागच्या स्क्रीनवर दिसेल. लेन्स छोटी आहे म्हणून डोळा सुरक्षित राहत नाही.

दिवस १३, शनिवार. वेळ: २५ सेकंद

इमारतीच्या कोपऱ्यामागून सूर्य अर्धवट डोकावत होता. एफ/१६ केलं आणि त्याची चांदणी उमटली, १४ टोकांची. माझ्या लेन्सचं तोंड लहानमोठं करणारी ७ पाती आहेत. पाती विषम असली की टोकं दुप्पट, सम असली की पात्यांएवढीच. खुशीत घरी आले. मोठ्या पडद्यावर उघडलं तर आकाशभर करडे ठिपके. १९ मोजले. सेन्सरवरची धूळ. एफ/४ ला ती पुसट पसरून दिसेनाशी होते, एफ/१६ ला ठसठशीत उमटते आणि त्यासाठी एकसारख्या आकाशाइतकं उघडं मैदान दुसरं नाही.

एकेक ठिपका पुसण्यात दीड तास गेला. मग रबरी ब्लोअर आणला, आरसा वर उचलून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून फुंकर मारली. १९ चे ४ झाले. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार सेन्सरवर बसतात. हे वाचलेलं नाही, केलेलं आहे, जुन्या कॅमेऱ्यावर.

दिवस १५, सोमवार. वेळ: ११ सेकंद

विक्रम! बॅगेची चेन, कॅमेरा, क्लिक. पावसाची सर नुकतीच ओसरलेली, हवा धुतलेली, पश्चिमेला ढग फाटून एक झोत बाहेर आलेला. ३० फोटो काढले असतील. मग पाहायला बटण दाबलं.

कार्ड कॅमेऱ्यात नव्हतं. ते घरी, लॅपटॉपला लावलेल्या रीडरमध्ये. कॅमेरा कार्डाशिवायही शटर मारतो आणि फोटो क्षणभर स्क्रीनवर दाखवतोसुद्धा, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'डेमो' लिहून. ते वाचायला उसंत कुणाला!

मेन्यूत 'कार्ड नसल्यास शटर बंद' अशी सोय आहे. ती आता चालू आहे. दुसरं कार्ड बॅटरीच्या डबीत टाकलं. रीडरमधून कार्ड काढलं की हातातलं काम सोडून आधी ते कॅमेऱ्यात घालायचं.

आकाश फोनवर का नाही टिपलं? कारण कार्ड नाही हे कळेपर्यंत झोत विझला होता. त्या दिवशीचं आकाश माझ्या तीस दिवसांतलं सगळ्यांत चांगलं होतं, हे लिहायला अजून जड जातं.

दिवस १७, बुधवार. वेळ: २० सेकंद

पुलावर होते. हात हलायला नको म्हणून कॅमेरा कठड्यावर ठेवला, खाली पाकीट घालून उंची साधली, दोन सेकंदांचा टायमर, शटर अर्धा सेकंद. सगळे फोटो डबल रेघांचे. अवजड गाडी गेली की पूल थरथरतो, कठडाही. पायांना ते जाणवतसुद्धा होतं; डोक्यात शिरलं नाही. पूल उतरून दगडी भिंतीवर तोच प्रयोग केला, स्वच्छ आला.

दिवस २१, रविवार

फोटो नाही, कबुली आहे. मधल्या काळात ग्रॅज्युएटेड फिल्टर (अर्धी काळसर, अर्धी पारदर्शक काच) विकत घेतला होता, आकाश काळसर आणि जमीन उजळ राहावी म्हणून. नोंदीत लपवला होता. चार संध्याकाळी वापरला. लावायला दीड मिनिट, काढायला वेगळं. त्याची काळसर-पारदर्शक सीमा सरळ रेषेत, माझं क्षितिज झाडांनी आणि पाण्याच्या टाक्यांनी दातेरी. टाक्यांचे माथे अर्धे काळे. वर काचेतल्या परावर्तनाने सूर्याचं एक हिरवट पिल्लू खालच्या कोपऱ्यात. धावतपळत टिपायचं ठरवलेल्या मला हे सोंग परवडणारं नाही. फिल्टर कपाटात.

आतापर्यंतचा खरा उपयोगी खर्च: ब्लोअर आणि जास्तीचं कार्ड. बस्स.

दिवस २४, बुधवार. वेळ: १५ सेकंद

पश्चिमेला एकही ढग नाही, पिवळट सपाट आकाश. कंटाळून पाठ फिरवली आणि पूर्वेला क्षितिजालगत निळसर-राखी पट्टा, त्यावर फिकट गुलाबी पट्टा दिसला. राखी पट्टा ही पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. सूर्य जसजसा खाली जातो तसतसा तो पट्टा वर चढतो आणि दहा-पंधरा मिनिटांत रात्रीत मिसळून जातो. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे रोज हे चाललेलं.

चूक इथेही केलीच. उणे १ कॉम्पेन्सेशन तसंच राहिलं. पश्चिमेला ते सूर्याच्या झळाळीसाठी. पूर्वेच्या या मऊ उजेडात त्याने सगळं चिखलासारखं झालं. शून्यावर आणलं, मग गुलाबी रंग उघडला. पाठ फिरवली की कॉम्पेन्सेशनची चकती शून्यावर, असं आता फडक्यावर बॉलपेनने लिहून ठेवलं आहे.

दिवस २६, शुक्रवार. वेळ: १२ सेकंद

मैदानाच्या कडेला डबकं. फोन उलटा धरला, म्हणजे भिंग खाली, पाण्याला जवळजवळ टेकलेलं. हातभर डबक्यात आख्खं आकाश मावलं. गुडघे भिजले, फोनचा स्पीकर रात्रभर घोगरा बोलत होता.

पलीकडे पोरं चेंडू खेळत होती. उभी राहून टिपलं तर त्यांच्या काळ्या आकृती मागच्या झाडांच्या काळ्यात मिसळल्या, कोणाचं डोकं कुठे कळेना. खाली बसले तेव्हा डोकी आकाशावर आली. दोघं एकमेकांना चिकटली की चार पायांचा प्राणी दिसतो, मधे उजेडाची फट हवी. त्या फटीसाठी ४० फोटो काढले, एकात मिळाली. वरून पाखरांचा थवा गेला तोही घेतला; फोनने तीन-चार फ्रेम एकात जोडल्या आणि प्रत्येक पाखरामागे त्याचं पुसट भूत उमटलं. फ्रेम जोडणारं हे एचडीआर बंद करायला हवं होतं.

दिवस २८, रविवार. वेळ: १४ सेकंद

रात्री फोटो निवडताना नवीनच दुखणं. सूर्याभोवती केशरी असायला हवं तिथे सपाट पिवळा डाग. टिपताना हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, उजवी कड म्हणजे सर्वांत उजळ) पाहिला होता, उजवीकडे जागा होती. पण तो एकत्रित हिस्टोग्राम. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे पाहिले तर लाल रंग केव्हाच भिंतीला जाऊन आदळला होता. लाल छाटला गेला, हिरवा चढत राहिला, की केशरीचं पिवळं होतं, आणि रॉ फाइलमध्येही ते परत येत नाही. आता सूर्य चौकटीत असेल तर उणे १ ऐवजी उणे १.७, आणि पहिल्या फोटोनंतर एकदा तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम. काळोखा भाग नंतर थोडा उचलता येतो.

सॅच्युरेशनची पट्टी मात्र मी ओढलेली आहे, दिवस १२ आणि २६ च्या फोटोंत. आठवड्याने परत पाहिल्यावर दोन्ही मागे आणले.

दिवस ३०, मंगळवार. वेळ: ९ सेकंद

उंच ढग होते, तंतूतंतूंचे, दिवस ४ सारखेच. ९ सेकंदांत पहिला फोटो. सूर्य गेला, भिंतीला टेकून थांबले. १० मिनिटं, १५, २०. नियम २० चा, पण आणखी थोडं बघू म्हणून २६ पर्यंत थांबले. ढग राखाडी होते, राखाडीच राहिले. दूर पश्चिमेला, मला न दिसणाऱ्या ठिकाणी ढगांची भिंत असणार. दिवे लागले. खाली आले, चकती उणे १ वर आणली, कार्ड आत आहे ना ते चाचपून पाहिलं, कॅमेरा फडक्यात गुंडाळून बॅगेत वर ठेवला.